चारिबर्टची वाटणी: सहा वर्षं राज्य केलेला राजा आणि वीस वर्षांची भाऊबंदकी

प्रश्न असा आहे की फ्रँक लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात तेव्हा राज्य करणाऱ्यांचा, चारिबर्ट राजा 561 ते 567 अशी जेमतेम सहा वर्षं गादीवर होता, तर तो मेल्यावर त्याच्या राज्याचे तुकडे नेमके कसे पडले, पॅरिस कुणाकडे गेलं, त्याच्या मुलींना काही मिळालं का, आणि त्यानंतर जी लढाई पेटली ती खरंच ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या त्याच्या भावांच्या दोन राण्यांच्या वैरामुळे पेटली का.

कॉलेजात मध्ययुगीन युरोप बरीच वर्षं शिकवतोय आणि हा काळ माझ्या खास आवडीचा आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी शेवटच्या मुद्द्याचं उत्तर देऊन टाकतो, कारण बहुतेक लोक तिथेच चुकतात. दोन राण्यांचं वैर खरं होतं, भयंकर होतं, पण त्या वैराला जमीन मिळाली ती या चारिबर्टच्या वाटणीमुळे. 567 नंतर वीस वर्षं तीन भाऊ आणि मग त्यांची मुलं कोणत्या शहरांसाठी भांडली याची नुसती यादी काढा, टूर्स, पॉइटिये, बोर्डो, पॅरिस, सगळी नावं या एकाच मेलेल्या भावाच्या इस्टेटीतली निघतात. राण्यांची गोष्ट सांगायला रंगतदार आहे म्हणून तीच पुढे येते आणि वाटणी मागे राहते.

आता पहिल्यापासून. क्लोटार पहिला हा फ्रँक राज्य उभं करणाऱ्या क्लोव्हिसचा मुलगा, भाऊ पुतणे सगळे मरून शेवटी अख्खं फ्रँक राज्य त्याच्या एकट्याच्या हातात आलं होतं. 561 मध्ये तो वारला, मागे चार मुलं. चारिबर्ट, गुंत्राम आणि सिगिबर्ट हे तिघे इंगुंड राणीचे, आणि चौथा चिल्पेरिक, त्याची आई आरेगुंड. ही आरेगुंड इंगुंडची सख्खी बहीण. म्हणजे तिघं सख्खे आणि एक सावत्र, आणि हा फरक पुढे पावलोपावली जाणवतो. बाप गेल्या गेल्या चिल्पेरिकने बेर्नी नावाच्या राजवाड्यातला बापाचा खजिना ताब्यात घेतला, वजनदार सरदारांना पैसे चारले आणि सरळ पॅरिसमध्ये घुसला. तिघा भावांनी मिळून त्याला तिथून हुसकावलं आणि मग रीतसर चार वाटे पडले. चारिबर्टला पॅरिसची गादी, गुंत्रामला ऑर्लियन्सची, सिगिबर्टला रॅन्सची आणि चिल्पेरिकला स्वासोंची, आणि चिल्पेरिकचा वाटा सगळ्यात लहान. पॅरिस हे नाव लक्षात ठेवा कारण या माणसाच्या डोक्यातून ते शहर शेवटपर्यंत गेलं नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आपण शाळेतल्या अ‍ॅटलासमध्ये बघतो तसं एका रंगाचं सलग राज्य त्या काळात नव्हतं. वाटणीचं युनिट होतं शहर, म्हणजे शहर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख, रोमन काळापासून चालत आलेला. त्या शहराचा टॅक्स कुणाकडे जातो, तिथला काउंट, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, कोण नेमतो, तिथली माणसं कुणाच्या नावाने शपथ घेतात आणि लढाईला कुणाच्या बाजूने निघतात, इतक्या गोष्टी ज्याच्याकडे त्याचं ते शहर. त्यामुळे एका भावाची शहरं दुसऱ्याच्या मुलखात घुसलेली असायची, मधेच तिसऱ्याचं एखादं शहर, आणि आपल्याच एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर भावाच्या हद्दीतून जावं लागायचं.

चारिबर्टकडे नेमकं काय काय होतं याची त्या वेळची सरकारी यादी आपल्याकडे नाही. पण एक रस्ता आहे. नोव्हेंबर 567 मध्ये टूर्सला बिशपांची एक परिषद भरली, चारिबर्टच्या संमतीने, आणि तिच्या ठरावांवर बिशपांच्या सह्या आहेत. टूर्स, पॅरिस, रूआँ, नाँत, शार्त्र, ले माँ, अँजे. बिशप तेव्हा आपल्या राजाच्या परवानगीने परिषदेला जायचे, त्यामुळे या सह्या म्हणजेच त्याच्या राज्याचा मॅप. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून करायला लावतो, कोऱ्या नकाशावर त्या सह्यांची गावं टिंबांनी दाखवायची. उत्तरेकडचा आणि पश्चिमेकडचा पट्टा लगेच उठून दिसतो. दक्षिणेकडे बोर्डो त्याचं होतं हे दुसऱ्या एका प्रकरणावरून कळतं.

ते प्रकरण असं. बोर्डोचा आर्चबिशप लिओंटियस याने परिषद घेऊन सँत शहराच्या इमेरियस नावाच्या बिशपला पदावरून काढलं, कारण त्याला नेमलं होतं क्लोटार राजाच्या हुकमाने, आर्चबिशपला न विचारता. मग नवीन माणूस निवडून तो ठराव घेऊन हेराक्लियस नावाच्या पाद्रीला पॅरिसला राजाकडे मंजुरीसाठी पाठवलं. चारिबर्ट भडकला. बापाने केलेलं टिकवायला क्लोटारचा एकही मुलगा उरला नाही असं वाटलं का तुम्हाला, अशा अर्थाचं बोलला, आणि त्या पाद्रीला काट्यांनी भरलेल्या गाडीत घालून हद्दपार करायला लावलं. इमेरियसला परत जागेवर बसवलं आणि लिओंटियसला 1000 सोन्याच्या नाण्यांचा दंड. वाटणीत मिळालेल्या गादीवर बसलेला मोठा भाऊ बापाच्या शब्दाबद्दल किती हळवा होता ते यातून दिसतं.

हाच माणूस टूर्सला मात्र वेगळा वागला, आणि माझ्या मते त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बापाच्या पश्चात टूर्सच्या लोकांनी चारिबर्टच्या निष्ठेची शपथ घेतली, आणि बदल्यात त्याने पण शपथ घेतली की तुमच्यावर नवीन कायदे, नवीन चालीरीती लादणार नाही. नंतर तिथला काउंट गाइसो याने जुनी टॅक्सची यादी काढली आणि वसुली सुरू केली. बिशप युफ्रोनियसने त्याला अडवलं, तर हा जमलेलं सोनं आणि ती यादी घेऊन थेट राजाकडे गेला. राजा ते बघून कण्हला, टूर्सच्या संत मार्टिनच्या कोपाची धास्ती घेतली, यादी आगीत टाकली आणि सोनं मार्टिनच्या चर्चला परत पाठवून दिलं, वर पुन्हा शपथ घातली की टूर्सच्या माणसाने सरकारी टॅक्स भरायचा नाही. आता पुढे बघा. 589 मध्ये, म्हणजे चारिबर्ट जाऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाल्यावर, त्याच्या पुतण्याची माणसं टूर्सला टॅक्सची मोजणी करायला आली, तेव्हा तिथल्या बिशपने त्यांच्यासमोर हीच हकीकत मांडली, की क्लोटारने यादी जाळली, चारिबर्टने जाळली, सिगिबर्टने टॅक्स लावला नाही, तुम्ही कुठल्या अधिकाराने लावता. आणि तो जिंकला, राजाचं पत्र आलं की टूर्सला हात लावू नका. वारसाहक्काने शहर मिळतं तेव्हा आधीच्या मालकाने दिलेला शब्द पण गळ्यात येतो, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

तो बिशप म्हणजे ग्रेगरी, ज्याच्या दहा भागांच्या इतिहासामुळे आपल्याला यातलं जवळजवळ सगळं माहीत आहे. त्याला 573 मध्ये सिगिबर्टच्या काळात टूर्सचं बिशपपद मिळालं, 594 मध्ये तो वारला. म्हणजे चारिबर्टच्या इस्टेटीतल्या एका तुकड्यात बसूनच तो लिहित होता, आणि तो तुकडा त्याच्या डोळ्यांदेखत कितीदा हातबदल झाला. चिल्पेरिकवर त्याचा राग आहे, तो लपत नाही. म्हणून त्याचं कुठलं वाक्य ऐकीव आहे, कुठलं स्वतः पाहिलेलं आहे आणि कुठे त्याने मूळ दस्तऐवजच उतरवून दिलाय, हे वेगळं करत वाचायचं.

ऐकीव भागाचं उदाहरण म्हणजे चारिबर्टच्या बायकांची गोष्ट. वाटणी का झाली याचं मूळ इथे आहे त्यामुळे ती सांगायलाच हवी. त्याची राणी इंगोबर्गा. तिच्या सेवेत दोन बहिणी होत्या, मेरोफ्लेडा आणि मार्कोवेफा, एका लोकर तयार करणाऱ्या गरीब कारागिराच्या मुली, आणि मार्कोवेफा तर जोगिणीच्या, म्हणजे ख्रिस्ती ननच्या, वेषात राहायची. राजाचं मन या दोघींवर गेलं. इंगोबर्गाने काय केलं, तर त्यांच्या बापाला वाड्यावर बोलावून राजघराण्यासाठी लोकर साफ करायला बसवलं, आणि राजाला बोलावलं की या, काहीतरी नवीन बघायला मिळेल. तिला वाटलं बापाला ते काम करताना बघून राजाच्या मनातून पोरी उतरतील. झालं उलटंच. राजा तिच्यावरच संतापला, तिला सोडलं आणि मेरोफ्लेडाशी लग्न केलं. नंतर थ्युडेचिल्ड नावाची एका मेंढपाळाची मुलगी केली, तिला एक मुलगा झाला म्हणतात पण जन्मला आणि लगेच गेला. मग मार्कोवेफाशीही लग्न केलं. बायकोची बहीण, वर जोगिणीची वस्त्रं, असा दुहेरी गुन्हा, म्हणून पॅरिसचा बिशप जर्मानुस याने दोघांनाही चर्चमधून बहिष्कृत केलं. पॅरिसचा सँ-जर्मेन-दे-प्रे भाग आज याच बिशपच्या नावाने ओळखला जातो. राजाने तिला सोडलं नाही. ती वारली आणि थोड्याच दिवसात तो पण वारला, आणि ग्रेगरी यात देवाचा न्याय बघतो.

लोकरीचा सीन वाड्यात कुणी कुणाला सांगितला आणि ग्रेगरीपर्यंत कसा पोचला सांगता येत नाही, पण इंगोबर्गाला तो स्वतः भेटलेला आहे हे नक्की, त्यावर खाली येतो. आणि चारिबर्ट नुसता बाईलवेडा होता असंही चित्र करू नये. फोर्तुनातुस हा इटलीहून आलेला कवी त्याच सुमारास पॅरिसला होता, त्याने राजाच्या स्तुतीत लांबलचक लॅटिन कविता लिहिलीये. जन्माने फ्रँक असून तुझं लॅटिन किती सुंदर, असं त्यात आहे, आणि काका चिल्डेबर्टची विधवा आणि तिच्या मुली यांना तू आधार दिलास असंही आहे. दरबारी कविता आहे, स्तुती असणारच, पण लॅटिनचं कौतुक उगाच कुणी करत नाही आणि विधवेचं नाव घेऊन सांगितलेली गोष्ट भर दरबारात खोटी सांगता येत नाही.

मुद्दा हा की चारिबर्ट 567 मध्ये गेला तेव्हा मागे मुलगा नव्हता. फ्रँकांच्या रीतीप्रमाणे राजाचं राज्य मुलांमध्ये वाटलं जायचं, मुलींना राज्यात हिस्सा नाही. मुलगा असता तरी काका लोकांनी त्याला टिकू दिलं असतं का हा प्रश्नच आहे. त्यांच्याच घरात उदाहरण होतं, क्लोटारचा भाऊ क्लोडोमर 524 मध्ये लढाईत मेला, तर त्याच्या दोन लहान मुलांना क्लोटारने स्वतःच्या हाताने मारलं आणि चिल्डेबर्टने साथ दिली, तिसरा तेवढा वाचला आणि साधू झाला. चारिबर्टच्या वेळी मारायला कुणी नव्हतं, त्यामुळे निदान सुरुवात तरी शांततेत झाली.

आधी खजिन्याचं बघू कारण ते पटकन उरकलं. थ्युडेचिल्डच्या हातात बराच खजिना होता. तिने गुंत्रामला निरोप पाठवला की मी तुझ्याशी लग्नाला तयार आहे. त्याने कळवलं, ये, खजिना घेऊन ये, भावापेक्षा जास्त मानाने ठेवीन. ती बिचारी सगळं घेऊन गेली. गुंत्रामने ते बघितलं आणि म्हणाला की हे हिच्याकडे राहण्यापेक्षा माझ्याकडे असलेलं बरं, मोठा भाग काढून घेतला आणि तिची रवानगी आर्लच्या मठात केली. उपास आणि जागरणं तिला झेपेनात. एका गॉथ माणसाशी संधान बांधून स्पेनला पळायचा बेत केला, बोचकी बांधून निघणार तेवढ्यात मठाच्या प्रमुख बाईने पकडलं, फटके मारले आणि मरेपर्यंत कोंडून ठेवलं. ग्रेगरी गुंत्रामला भला राजा म्हणतो आणि बऱ्याच बाबतीत तो होताही, पण हे प्रकरण वाचताना मला त्या मेंढपाळाच्या मुलीची बाजू घ्यावीशी वाटते, तिला दिलेला शब्द सरळ सरळ मोडलाय.

आता शहरं. तीन भावांनी तीन हिस्से केले, पण एकसलग नाही, एक शहर तुला एक मला असे. आपल्याला हे तपशील कळतात ते वीस वर्षांनंतरच्या एका कागदावरून, 587 चा अँडेलोचा करार, जो ग्रेगरीने शब्दशः उतरवून घेतलाय आणि म्हणूनच माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. त्यात सिगिबर्टच्या हिश्शात म्हणून मो, टूर्स, पॉइटिये, अव्रांश, पार पिरेनीजच्या पायथ्याकडचं बायोन, आल्बी आणि आणखी एक-दोन ठिकाणं येतात, आणि सँलिस शहराचे चक्क दोन तृतीयांश. एका शहराचे तीन भाग, त्यातले दोन याचे आणि एक गुंत्रामचा, आणि तो एक भाग नंतर दुसऱ्या एका इस्टेटीतला हिस्सा देऊन भरून काढलेला. चिल्पेरिकला उत्तरेत रूआँसारखी शहरं आणि दक्षिणेत बोर्डोकडचा मुलूख गेला, त्याचा 561 चा तुटपुंजा वाटा यामुळे एकदम भारदस्त झाला.

आणि पॅरिस कुणालाच दिलं नाही. तिघांचं सामाईक ठेवलं, उत्पन्नाचे तीन वाटे, आणि वर अट अशी की दुसऱ्या भावांच्या संमतीशिवाय कुणीही पॅरिसच्या वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर त्याचा हिस्सा बुडाला. या अटीला राखणदार म्हणून तीन संत नेमले, हुतात्मा पॉलीयूक्टस, पॉइटियेचा हिलरी आणि टूर्सचा मार्टिन, मोडणाऱ्याचा न्याय ते करतील असं लिहून शाप घातला. आपल्याकडे जमिनीच्या वाटण्या होतात आणि विहीर सामाईक राहते तसंच हे, आणि पुढची भांडणं विहिरीवरूनच होतात हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. पॅरिसच का, तर क्लोव्हिसची कबर तिथे होती, तीच त्याने आपली राजधानी केली होती, चिल्डेबर्टही तिथेच पुरलेला. ते ज्याच्याकडे जाईल तो आपोआप घरातला थोरला ठरणार. 561 ला चिल्पेरिक तिकडेच धावला होता आणि भाऊ ते विसरले नसावेत, मला ही अट मुख्यतः त्याच्यासाठी घातलेली वाटते.

तर मग राण्यांचा संबंध कुठे येतो? सिगिबर्टने स्पेनच्या गॉथ राजाची मुलगी ब्रुनहिल्ड करून आणली. ते बघून चिल्पेरिकने तिची थोरली बहीण गाल्सविंथा मागितली, आणि लग्नात तिला पाच शहरं लावून दिली, बोर्डो, लिमोज, काओर आणि पिरेनीजच्या पायथ्याची बेआर्न आणि बिगोर. बोर्डो चारिबर्टचं होतं हे आपण लिओंटियसच्या दंडावरून पाहिलंच. म्हणजे भावाच्या इस्टेटीतून आलेला ताजा मुलूख चिल्पेरिकने नवरीच्या नावावर करून दिला. मग थोड्याच काळात ती अंथरुणात गळा आवळून मारलेली सापडली, आणि चिल्पेरिकने फ्रेडेगुंडशी लग्न केलं. आता बहिणीच्या खुनाचा बदला हा एक भाग झाला, पण दुसरा भाग हा की त्या पाच शहरांचा वारस कोण? गुंत्राम आणि फ्रँक सरदार यांनी निवाडा दिला की ती ब्रुनहिल्डला जावीत. हा निवाडा झाल्याचं अँडेलोच्या करारातच लिहिलंय. आता ब्रुनहिल्डच्या वैराची चर्चा करताना हे वाक्य कुणी वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातून तिच्या मागणीला कायद्याचा आधार होता हे स्पष्ट दिसतं.

चिल्पेरिक गप्प बसणारा नव्हता. त्याने सिगिबर्टच्या हिश्शातलं टूर्स आणि पॉइटिये घेतलं, सिगिबर्ट आणि गुंत्रामने मिळून मुम्मोलुस नावाचा सेनापती पाठवून ते परत मिळवलं. 573 मध्ये चिल्पेरिकचा मुलगा थ्युडेबर्ट पुन्हा उतरला, टूर्स, पॉइटिये आणि खाली लिमोज, काओरपर्यंत जाळपोळ, चर्च लुटले, मठ उजाड केले. शेवटी 575 मध्ये सिगिबर्ट ऱ्हाइनपलीकडची माणसं घेऊन आला, चिल्पेरिक मागे हटत तूर्नेच्या भिंतीआड गेला, आणि सिगिबर्ट पॅरिसमध्ये शिरला. तोच जर्मानुस बिशप, चारिबर्टला बहिष्कृत करणारा, आता म्हातारा झालेला, याने त्याला बजावलं की भावाला मारायचा विचार सोडून गेलास तर जिवंत परत येशील, नाहीतर मरशील. सिगिबर्टने ऐकलं नाही. वित्रीला त्याला ढालीवर उचलून राजा म्हणून मिरवत होते तेवढ्यात फ्रेडेगुंडने पाठवलेल्या दोन माणसांनी विष लावलेल्या सुऱ्यांनी त्याला भोसकलं.

शापाची भीती खरी होती का, हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. उत्तर चिल्पेरिकच देतो. 583 मध्ये त्याला ईस्टरला पॅरिसमध्ये जायचं होतं, मुलाचा बाप्तिस्मा करायचा होता. संमती कुणाची नाही. मग त्याने मिरवणुकीत पुढे बऱ्याच संतांचे पवित्र अवशेष धरले आणि त्यांच्या मागून स्वतः शहरात शिरला, म्हणजे करारात लिहिलेला शाप लागू नये. ज्या माणसाने भावाची शहरं जाळली त्याला तीन संतांची सही असलेल्या कागदाची इतकी धास्ती. पुढच्याच वर्षी, 584 मध्ये, शेलला शिकारीहून परतताना घोड्यावरून उतरत असताना त्याला कुणीतरी भोसकलं.

आता तिघातला एकटा गुंत्राम उरला. तो पॅरिसला आला, आणि इतका घाबरलेला होता की एका रविवारी चर्चमध्ये लोकांसमोर उभं राहून विनवलं, माझ्या भावांना मारलंत तसं मला मारू नका, पुतणे मोठे होईपर्यंत निदान तीन वर्षं जगू द्या. पण वाटणीच्या बाबतीत हाच माणूस अजिबात मऊ नव्हता. सिगिबर्टचा मुलगा चिल्डेबर्ट दुसरा याचे दूत बापाचा हिस्सा मागायला आले तेव्हा गुंत्रामने भावांचे जुने करार काढून वाचून दाखवले. जो संमतीशिवाय पॅरिसमध्ये शिरेल त्याचा हिस्सा गेला, सिगिबर्ट शिरला, मेला, चिल्पेरिक शिरला, मेला, दोघांनीही करार मोडला, तेव्हा चारिबर्टचं सगळं राज्य आता माझं. कायद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं चोख होतं. व्यवहारात ते टिकणार नव्हतं कारण त्यालाही मुलगा उरला नव्हता आणि पुतण्याशिवाय त्याचं चालणार नव्हतं.

त्यातून अँडेलोचा करार झाला, 28 नोव्हेंबर 587. एका बाजूला गुंत्राम, दुसऱ्या बाजूला चिल्डेबर्ट आणि ब्रुनहिल्ड. चारिबर्टच्या राज्यातला सिगिबर्टला मिळालेला पॅरिसचा तिसरा भाग, आणि त्याबरोबर शातोदँ, वांदोम आणि एताँप, शार्त्रकडचा काही मुलूख हे गुंत्रामकडे कायम. टूर्स, पॉइटिये वगैरे चिल्डेबर्टकडे. गाल्सविंथाच्या पाच शहरांपैकी काओर ब्रुनहिल्डला लगेच, बाकीची गुंत्राम हयात असेपर्यंत त्याच्याकडे आणि मग तिला. आणि दोघांपैकी जो मागे मुलगा न ठेवता जाईल त्याचं राज्य दुसऱ्याला. सर्वात जास्त कलमं बघा कशावर आहेत, तर वीस वर्षांपूर्वी मेलेल्या चारिबर्टच्या हिश्शांवर. 592 मध्ये गुंत्राम गेला आणि त्या कलमाप्रमाणे सगळं चिल्डेबर्टकडे आलं.

मुलींचं शेवटी ठेवलं कारण ते आधीच्या सगळ्याशी जोडून बघायला हवं. राज्यात हिस्सा शून्य, हे वर आलंच. त्यातली बर्था केंटला, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय टोकाला लग्न करून गेली, तिचा नवरा एथेलबर्ट. लग्नात अट होती की तिला तिचा ख्रिस्ती धर्म पाळू द्यायचा, आणि सोबत लिउधार्ड नावाचा बिशप दिला होता. कँटरबरीला जुन्या रोमन काळातल्या चर्चमध्ये ती प्रार्थनेला जायची, ते चर्च संत मार्टिनच्या नावाचं, तिच्या बापाच्या राज्यातल्या संताचं. 597 मध्ये पोपने पाठवलेला ऑगस्टीन इंग्लंडला आला तेव्हा त्याला तिथे आयतं उभं असलेलं चर्च आणि ख्रिस्ती राणी मिळाली. सहाच वर्षं राज्य केलेल्या राजाची लांबपर्यंत टिकलेली छाप मला तरी इथेच सगळ्यात जास्त दिसते.

बर्थाची आई इंगोबर्गा, लोकरवाल्याच्या प्रसंगातली, 589 मध्ये वारली, वय सत्तरच्या आसपास. मरण्याआधी तिने ग्रेगरीला बोलावून घेतलं, मृत्युपत्र केलं, टूर्सच्या आणि ले माँच्या चर्चला देणग्या ठेवल्या आणि बऱ्याच गुलामांना कागद करून मुक्त केलं. या भेटीचं ग्रेगरीने जे लिहिलंय त्यात तिच्याबद्दल खरा आदर आहे.

बर्थेफ्लेड ही दुसरी मुलगी टूर्सच्या मठात होती, तिथून निघून ले माँला गेली. आणि तिसरी क्रोडिएल्ड, जी स्वतःला चारिबर्टची मुलगी म्हणवायची, ती पॉइटियेच्या पवित्र क्रूसाच्या मठात होती. 589 मध्ये तिने चिल्पेरिकची मुलगी बासिना आणि चाळीसहून जास्त जोगिणी सोबत घेऊन बंड केलं, की आम्हाला इथे राजकन्यांसारखं नाही तर दासींसारखं वागवतात, मी माझ्या राजे नातेवाइकांकडे दाद मागणार. भर पावसात चिखल तुडवत पायी टूर्सला आल्या. ग्रेगरीने समजावलं, ऐकलं नाही, ती गुंत्रामकडे गेली, तिथून भेटी घेऊन परत पॉइटियेला, गुंड गोळा केले, बिशपांना मारहाण झाली, मठाच्या प्रमुख ल्युबोवेराला पळवून नेलं. 590 मध्ये बिशपांच्या न्यायसभेने तिला बहिष्कृत केलं. नंतर राजा चिल्डेबर्टच्या विनंतीवरून माफी मिळाली, बासिना मठात परत गेली, क्रोडिएल्ड मात्र म्हणाली की ल्युबोवेरा तिथे असेपर्यंत मी पाय ठेवणार नाही. मग राजाने तिला राहायला एक गढी आणि भोवतीची जमीन दिली, जी आधी वाड्डो नावाच्या सरदाराची होती. चारिबर्टच्या रक्ताचा दावा सांगून त्याच्या मुलींपैकी कुणाला जमिनीचा तुकडा मिळाल्याची नोंद आहे ती एवढीच.